दुधात घालायच्या ‘शक्तिवर्धक’ पावडरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्नव्हिटा, हॉर्लिक्स, कॉम्प्लान आणि बूस्ट ही नावे आपल्याकडच्या तीन पिढ्यांच्या तोंडी आहेत. लहान मूल असलेल्या घरात यांपैकी एखादा डबा सहसा असतोच, आणि त्याच्याविषयीचे प्रश्नही बहुतेक आईवडील व आजीआजोबांच्या मनात सारखेच असतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या पावडरींमध्ये नेमके असते तरी काय?

बोर्नव्हिटा, बूस्ट आणि हॉर्लिक्स या माल्टवर आधारलेल्या पावडरी आहेत. बार्ली किंवा गव्हाला मोड आणून ते वाळवतात, भाजतात आणि त्यांचा गोडसर अर्क काढतात, त्याला माल्ट म्हणतात. या अर्कात साखर, दुधाची भुकटी, चॉकलेटी प्रकार असेल तर कोको, शिवाय जीवनसत्त्वे व खनिजे मिसळलेली असतात. कॉम्प्लानचा मुख्य आधार धान्य नसून दुधातील घटक हा आहे, त्यामुळे त्यात प्रथिने तुलनेने जास्त असतात. मात्र साखर त्यातही असते.

डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचे बंधन आहे, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. चॉकलेटी पावडरीचा डबा फिरवून पाहिल्यास पहिल्या स्थानी धान्याचा अर्क आणि त्याच्या लगेच मागे साखर, असा क्रम बहुधा दिसतो. ज्या जीवनसत्त्वांची नावे पुढच्या बाजूला ठळक छापलेली असतात, ती या यादीत अगदी शेवटी येतात, कारण त्यांचे वजन मिलिग्रॅममध्ये असते.

२. वस्तू साधारण असेल, तर तिची एवढी कीर्ती कशी झाली?

ही कीर्ती पूर्णपणे निराधार नव्हती. हॉर्लिक बंधूंनी १८७३ मध्ये अमेरिकेत शिकागो येथे व्यवसाय सुरू केला आणि १८८३ मध्ये माल्टयुक्त दुधाच्या भुकटीचे पेटंट घेतले. शीतकपाटे नव्हती त्या काळात ही भुकटी टिकाऊ होती आणि गरम पाण्यात कालवली की आजारी माणसाच्या पोटात काहीतरी सकस जात असे. आपल्याकडेही ‘दूध महापूर’ योजना १९७० मध्ये सुरू होईपर्यंत शहरांत चांगले दूध मिळणे कठीण होते. तापातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हॉर्लिक्स सांगत, त्यामागे त्या काळी ठोस कारण होते.

पुढे परिस्थिती पालटली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला. गरज ओसरली, पण नाव राहिले आणि ते नाव मुलांच्या वाढीला जोडले गेले. भारतात १९४८ पासून विकल्या जाणाऱ्या बोर्नव्हिटाने १९७२ मध्ये रेडिओवर प्रश्नमंजूषा सुरू केली आणि डब्याचा संबंध थेट हुशारीशी जोडला. बूस्टने कपिल देव आणि नंतर सचिन तेंडुलकर यांच्या तोंडून तो आपल्या शक्तीचे रहस्य म्हणून सांगितला. कॉम्प्लानने उंचीचा मुद्दा उचलला.

ख्याती आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे हॉर्लिक्सच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात रात्री पोट रिकामे राहिल्याने माणूस सकाळी थकलेला उठतो, अशी कल्पना जाहिरातींतून रुजवण्यात आली आणि हॉर्लिक्स हे झोपण्यापूर्वी घ्यायचे पेय ठरले. तेथे आजही त्याची ओळख तीच आहे. भारतात मात्र तेच नाव सकाळी शाळेत निघालेल्या मुलाला तरतरीत करण्यासाठी विकले गेले.

३. एका कपात किती साखर जाते, ते कसे मोजायचे?

त्यासाठी पोषणमूल्यांच्या तक्त्यातील दोन आकडे लागतात : १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर, आणि कंपनीने सांगितलेले एका कपाचे प्रमाण. बोर्नव्हिटाच्या १०० ग्रॅममध्ये २०२३ पर्यंत वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती. त्या वर्षी देशभर गाजलेल्या वादानंतर (प्रश्न ५ पाहा) कंपनीने ती ३२.२ ग्रॅमपर्यंत खाली आणली. एका कपाला २० ग्रॅम पावडर धरली, तर पूर्वी सुमारे साडेसात ग्रॅम साखर जात असे, आता सुमारे साडेसहा ग्रॅम जाते. सपाट चमचाभर साखर चार ते पाच ग्रॅम भरते, म्हणजे कपामागे साधारण दीड चमचा झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. दिवसाला १४०० उष्मांक लागणाऱ्या लहान मुलासाठी हे ५ टक्के म्हणजे साडेसतरा ग्रॅम होतात. सकाळ-संध्याकाळ दोन कप घेतले, तर त्यातील सुमारे १३ ग्रॅम केवळ या पावडरीतच संपतात. बिस्किट, जॅम, सॉस, वाढदिवसाचा केक यांचा हिशेब अजून झालेलाच नसतो.

त्यातही बहुतेक घरांत पावडर मोजून घातली जात नाही. डब्यातल्या मापाऐवजी घरातला मोठा चमचा शिगोशीग भरून घेतला जातो, आणि ‘गोड लागत नाही’ म्हणून वर आणखी साखर पडते. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल, तर आपण रोज घालतो तेवढीच पावडर एकदा वाटीत काढून तोलून पाहावी.

४. ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेला डबा घेतला, तर हा प्रश्न सुटेल ना?

काही अंशी सुटेल, पण तक्ता वाचावाच लागेल. माल्टच्या अर्कात माल्टोज ही साखर मुळातच असते. याशिवाय माल्टोडेक्स्ट्रिन नावाचा एक घटक बऱ्याच पावडरींत आढळतो. तो स्टार्चपासून बनतो आणि तक्त्यात ‘साखर’ या ओळीत मोजला जात नाही, पण रक्तातील साखर मात्र झपाट्याने वाढवतो. म्हणून ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ या दोन्ही ओळींबरोबर ‘कर्बोदके’ ही ओळही पाहावी. कर्बोदके शंभरातील ८० च्या आसपास असतील, तर त्या डब्यात मुख्यत्वे काय आहे ते आपोआप कळते.

कंपन्यांचा एक युक्तिवाद मात्र योग्य आहे, तो मान्य केला पाहिजे. एकूण साखरेच्या आकड्यात दुधातील नैसर्गिक साखर, म्हणजे लॅक्टोज, धरलेली असते. दूध जास्त असलेल्या पावडरीचा एकूण आकडा त्यामुळे मोठा दिसू शकतो आणि तेवढ्यावरून तिला दोष देणे योग्य ठरणार नाही.

५. सरकारने बोर्नव्हिटावर बंदी घातली, हे खरे आहे का?

नाही. बंदी घातलेली नाही आणि विक्री कधीही थांबलेली नाही. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातील साखरेविषयीची एक चित्रफीत समाजमाध्यमांवर सर्वदूर पसरली. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर ती काढून घेण्यात आली, पण तोवर विषय राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगापर्यंत पोहोचला होता आणि आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला.

एप्रिल २०२४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवले की, दूध, धान्य किंवा माल्टवर आधारित पेयांच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नयेत, कारण अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाची व्याख्याच नाही. पाठोपाठ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानेही तशीच सूचना काढली. त्याच महिन्यात हॉर्लिक्स आणि बूस्टची मालकी असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या या वर्गाचे नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ असे ठेवले. डब्यातील वस्तू तीच राहिली.

ज्या नावावर हा सगळा व्यापार उभा होता, त्या नावाला कायद्यात जागाच नव्हती, ही बाब माझ्या मते साखरेच्या आकड्याइतकीच गंभीर आहे. दुकानातील फळीवर ‘आरोग्य’ असे लिहिलेले वाचून आईवडील विश्वास ठेवत होते आणि तो शब्द वर्षानुवर्षे कोणी तपासलेला नव्हता.

६. मुलाची उंची वाढते का?

पावडरीमुळे वाढते असे म्हणण्यास आधार नाही. उंची आनुवंशिकता, गर्भावस्थेपासून पहिल्या दोन वर्षांतील पोषण, वारंवार होणारे जुलाब व ताप, पुरेशी झोप आणि एकंदर आहार यांवर अवलंबून असते. जे मूल खरोखर कुपोषित आहे, त्याला पुरेसे अन्न मिळू लागल्यास त्याची वाढ सुधारते. तो परिणाम अन्नाचा असतो, एखाद्या कंपनीच्या डब्याचा नसतो. नीट जेवणाऱ्या मुलाच्या उंचीत पावडरीने भर पडत नाही.

हॉर्लिक्सची ‘उंच, बळकट, तल्लख’ अशा अर्थाची जाहिरात आणि कॉम्प्लानची वाढीविषयीची जाहिरात २००८ मध्ये ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या एका नेपाळी दूरचित्रवाहिनीवर लागली. तेथील जाहिरात नियामक संस्थेने दावे सिद्ध झालेले नाहीत, असे म्हणून दोन्ही जाहिराती पुन्हा दाखवण्यास मनाई केली. या जाहिराती दक्षिण आशियातील प्रेक्षकांसाठी होत्या आणि तेथे चुकून पोहोचल्या होत्या. जे वाक्य ब्रिटनमध्ये पुराव्याअभावी अडले, त्याच वाक्यावर आपल्याकडे कित्येक वर्षे डबे विकले गेले, याचा मला मनापासून राग येतो.

मुलाची उंची खरोखरच वयाच्या मानाने मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन वाढीच्या आलेखावर नोंद करून घ्यावी. थायरॉइड, ग्लूटेनची असहिष्णुता किंवा जुना आजार यांसारखी कारणे वेळीच सापडली, तर उपचार होऊ शकतात. डबे बदलण्यात दोन-तीन वर्षे गेली, तर ती वर्षे परत मिळत नाहीत.

७. डब्यावर ‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’ असे लिहिलेले असते. ते खोटे असते का?

सरसकट खोटे असते असे म्हणता येणार नाही. चाचणी झालेली असू शकते. चाचणीचा खर्च कोणी केला, आणि ज्या मुलांना पावडर दिली नाही त्यांना तिच्या जागी काय दिले, हे दोन प्रश्न विचारावेत. एका गटाला जीवनसत्त्वे मिसळलेली पावडर आणि दुसऱ्या गटाला काहीच मिसळलेले नाही असे पेय दिले, तर फरक पडला तरी तो जीवनसत्त्वांचा ठरतो. तीच जीवनसत्त्वे पालेभाजीतून किंवा सरकारी गोळीतून मिळाली असती, तर तेवढाच फरक दिसला नसता का, याचे उत्तर अशा चाचणीतून मिळत नाही. लोह आणि जीवनसत्त्वांविषयी प्रश्न ९ पाहा.

८. निदान प्रथिने तरी भरपूर मिळतात ना?

बोर्नव्हिटाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात. २० ग्रॅमच्या कपात ती दीड ग्रॅमही होत नाहीत. ज्या दुधात आपण ती पावडर घालतो, त्या २०० मिलिलिटर दुधात मात्र सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काही डब्यांवर ‘दुधासह’ मिळणारी पोषणमूल्ये वेगळ्या रकान्यात देतात. तो रकाना वाचताना त्यातील मोठा वाटा गायी-म्हशीचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

कपाच्या आकाराचीही एक गंमत आहे. एक कप कॉम्प्लानमध्ये दोन कप हॉर्लिक्सएवढी प्रथिने असतात, अशी जाहिरात कॉम्प्लानने केली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कॉम्प्लानचा ‘कप’ ३३ ग्रॅमचा आणि हॉर्लिक्सचा २७ ग्रॅमचा धरलेला होता, आणि दूरचित्रवाणीवर हे प्रेक्षकाला नीट कळत नव्हते. मे २०२० मध्ये न्यायालयाने ती दूरचित्रवाणी जाहिरात थांबवली. कॉम्प्लानमध्ये प्रथिने जास्त असतात हे खरेच आहे (प्रश्न १ पाहा), पण ‘कप’ हे माप प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. त्यामुळे दोन डब्यांची तुलना करायची, तर ती १०० ग्रॅमच्या रकान्यावरूनच करावी.

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. एक अंडे सहा ग्रॅम देते आणि ३० ग्रॅम शेंगदाणे सात ग्रॅमच्या पुढे जातात. वरण-भात, उसळ, दही आणि दाण्याची चटणी असलेल्या ताटातून ही गरज सहज भागते.

९. माझ्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी आहे. लोहयुक्त पावडर द्यावी का?

रक्तक्षय हा आपल्याकडचा खरा आणि मोठा प्रश्न आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील देशातील ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होते, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षाही अधिक.

त्यावर दुधातून दिलेली लोहयुक्त पावडर हा दुबळा उपाय आहे. दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते आणि कोकोतील काही द्रव्येही तेच करतात. शिवाय पोटभर गोड दूध पिऊन उठलेले मूल जेवणाच्या ताटावर जेमतेम दोन घास खाते, आणि लोह मिळण्याची खरी जागा ते ताटच असते.

‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाखाली लोह आणि फॉलिक अॅसिड विनामूल्य मिळते. लहान बालकांना ते सिरप म्हणून, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी म्हणून आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी म्हणून शाळा, अंगणवाडी किंवा आशाताईंमार्फत दिले जाते. पुष्कळ सुशिक्षित घरांत ही गोळी ‘सरकारी’ म्हणून टाळली जाते आणि तिच्या अनेक पट पैसे देऊन डबा आणला जातो. कृपया असे करू नका. हिमोग्लोबिन बरेच कमी असेल, तर डॉक्टरांकडून जंतांचे औषध आणि लोहाची योग्य मात्रा ठरवून घ्यावी. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर न देता लिंबाच्या सरबताबरोबर किंवा आवळ्याबरोबर द्यावी.

१०. पावडर घातल्याशिवाय मुलगा दुधाला तोंडच लावत नाही. काय करावे?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि तो विचारणाऱ्या आईला दोष देण्याचे काहीही कारण नाही. सकाळी साडेसहाला रिक्षाकाका दारात उभे असताना मुलाच्या पोटात काहीतरी जावे, एवढीच तिची इच्छा असते.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, दूध पिणे अनिवार्य नाही. दही, ताक, पनीर, नाचणी, तीळ आणि छोटे मासे यांतूनही कॅल्शियम मिळते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. जे मूल दोन वाट्या दही आवडीने खाते, त्याच्या मागे पेला घेऊन धावण्याची गरज नाही.

मुलाने दूध प्यावे असे वाटत असेल, तर पावडर एकदम बंद करू नये, कारण तशाने हट्ट वाढतो आणि चार दिवसांत डबा परत येतो. आधी वरची साखर थांबवावी. मग डब्यातले माप वापरून कंपनीने सांगितलेल्या प्रमाणावर यावे. त्यानंतर दर आठवड्याला थोडी पावडर कमी करत जावे. मुलांची जीभ गोडाची सवय जशी पटकन लावून घेते, तशी हळूहळू सोडतेही. चव हवीच असेल, तर वेलची, जायफळ, किंचित केशर किंवा साखर नसलेला साधा कोको अर्धा चमचा घालावा. अर्धे पिकलेले केळे घुसळून दिले, तर बहुतेक मुले आनंदाने घेतात.

११. घरचे नाचणीसत्त्व यापेक्षा चांगले का? त्यात गूळ घातला तर चालेल ना?

नाचणी धुऊन रात्रभर भिजवावी, पाणी निथळून सुती फडक्यात बांधून एक-दोन दिवस ठेवावी, बारीक पांढरे मोड दिसले की सावलीत वाळवावी, मंद आचेवर हलके भाजावी, दळावी आणि वस्त्रगाळ करावी. मोड आणल्याने नाचणीतील खनिजांना बांधून ठेवणारी फायटेट नावाची द्रव्ये कमी होतात आणि कॅल्शियम व लोह अधिक चांगले शोषले जाते. फार बारीक गाळल्यास चोथ्याबरोबर तंतुमयता जाते, म्हणून मोठ्या मुलांसाठी चाळणीतून चाळलेले पीठ पुरेसे आहे. हा पदार्थ दुधात ढवळून टाकण्यासारखा नाही, तो शिजवावा लागतो. सकाळच्या घाईत ही अडचण आहे, पण रात्री घट्ट शिजवून ठेवलेले सत्त्व सकाळी दुधात सैल करून गरम करता येते.

गुळाविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. गुळात खनिजांचा अंश असला, तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि प्रश्न ३ मधील हिशेब त्यालाही तसाच लागू होतो. नाचणीसत्त्वात दोन मोठे खडे गूळ विरघळवला, तर साखरेच्या बाबतीत आपण पुन्हा त्याच डब्यापाशी येऊन पोहोचतो. गोडीसाठी खारकेची पूड थोडीशी वापरावी, किंवा ताक आणि जिरे घालून नाचणीची आंबील करावी.

बाजारात ‘घरगुती’, ‘पारंपरिक’ अशा नावांनी मिळणाऱ्या पावडरींनाही याच कसोट्या लावाव्यात. घटकांच्या यादीत साखर किंवा गूळ पहिल्या दोन स्थानांवर असेल, तर वेष्टनावर जात्याचे चित्र असल्याने काहीच फरक पडत नाही.

१२. दोन वर्षांखालच्या बाळासाठी यातले काय द्यावे?

काहीही नाही. दोन वर्षांखालील बाळाला वरून घातलेली साखर देऊच नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. बाळाच्या डबाबंद आहारातही साखर असू शकते. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने प्रसिद्ध केलेल्या तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या प्रत्येक वाढपात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली, तर जर्मनी व ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या तशाच उत्पादनात ती नव्हती. त्यानंतर कंपनीने भारतात साखरविरहित प्रकारही आणले आहेत, त्यामुळे डबा घ्यायचाच असेल तर यादी वाचून घ्यावा. दोन वर्षांखालील बाळांच्या आहाराची जाहिरात करण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे, म्हणून तशी शिफारस कोठे दिसली तर सावध व्हावे.

१३. शस्त्रक्रियेनंतर सासऱ्यांना डॉक्टरांनी प्रथिनांची पावडर सांगितली आहे. तीही निरुपयोगी समजायची का?

मुळीच नाही. दात नसलेली, गिळायला त्रास होणारी, कर्करोगावर उपचार घेणारी किंवा शस्त्रक्रियेतून उठणारी व्यक्ती पुरेसे जेवू शकत नाही, तेव्हा डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरावीक मात्रेत आणि ठरावीक काळासाठी असे पोषण देतात. हे पृष्ठ वाचून ते बंद करू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण आपल्या मनाने वाढवणे धोक्याचे ठरू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी प्रश्न ४ मधील माल्टोडेक्स्ट्रिनचा मुद्दा अवश्य वाचावा.

धडधाकट माणसाने मात्र जाहिरात पाहून प्रथिनांचा डबा आणण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके घेणे टाळावे, असेच सांगितले आहे.

१४. बहीण लंडनला असते. तेथले हॉर्लिक्स ‘अस्सल’ म्हणून मागवावे का?

नाव एकच असले, तरी तेथील आणि येथील हॉर्लिक्सची कृती, मालकी आणि हेतू वेगवेगळे आहेत (प्रश्न २ पाहा). आखाती देशांत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तेथील भारतीय किराणा दुकानांत भारतीय डबाही मिळतो आणि दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. कोणता चांगला, हे नावावरून न ठरवता मागचे दोन तक्ते समोरासमोर धरून ठरवावे. परदेशातून मागवण्याइतके त्यात विशेष काही नाही.

१५. जुलाब झाल्यावर औषधाच्या दुकानातून आणलेले गोड ‘ओआरएस’ पेय आणि हा विषय यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि येथे चूक जिवावर बेतू शकते. ओआरएस म्हणजे जुलाबात शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणारे द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्यासाठी एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि त्यासोबत मीठ, पोटॅशियम व सायट्रेट यांचे ठरावीक प्रमाण असते. नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे असलेली काही खोक्यातील फळस्वादी पेये यापेक्षा कितीतरी पट गोड होती. अतिसार झालेल्या बाळाला एवढी साखर दिली, तर जुलाब वाढू शकतात. हैदराबादमधील एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी अनेक वर्षे एकटीने हा लढा दिला आणि अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. जुलाब झाल्यास पाण्यात मिसळायची, सूत्र छापलेली पुडीच घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.

१६. या पावडरींतील रंगाने कर्करोग होतो, असा संदेश फिरतो आहे. घाबरावे का?

घाबरू नये. कॅरॅमल रंग अनुज्ञेय आहे आणि एका कपातून जाणारे त्याचे प्रमाण अल्प असते. या पावडरी विषारी नाहीत. त्यांच्यावरचा आक्षेप वेगळा आहे : त्या मुलाला देतात फार थोडे, दावा करतात फार मोठा, आणि त्या नादात साखरेची सवय लावतात. भीती पसरवणाऱ्या संदेशांमुळे हा खरा आक्षेप बाजूला पडतो आणि कंपन्यांना उत्तर देणे सोपे जाते.

१७. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध सामान्य माणसाला काही करता येते का?

येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तसेच केल्यास दंड ५० लाखांपर्यंत जातो. प्रसिद्ध व्यक्तीवर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी येऊ शकते. दाव्याची खातरजमा केली होती असे तिने दाखवले, तर सूट मिळते.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. जाहिरातीची चित्रफीत किंवा छायाचित्र, ती पाहिल्याची तारीख व माध्यम, डब्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे, बॅच क्रमांक आणि पावती जपून ठेवावी. वैयक्तिक नुकसानभरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. तक्रारीत ‘पावडर वाईट आहे’ असे लिहिल्याने काही साधत नाही. ‘अमुक तारखेच्या जाहिरातीत अमुक वाक्य होते, त्याला काय पुरावा आहे’ असे नेमके विचारावे, म्हणजे उत्तर देणे भाग पडते.

१८. घरात नुकताच आणलेला एक किलोचा डबा आहे. फेकून द्यावा का?

फेकण्याची गरज नाही. तो रोजचा आहार म्हणून न वापरता खाऊ म्हणून वापरावा. रविवारी चॉकलेटी दूध करावे किंवा पाहुण्यांच्या मुलांना द्यावे, आणि एरवी प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे माप कमी करत न्यावे. संपल्यावर पुढचा आणण्याआधी त्याच्या वेष्टनावर छापलेली किंमत वहीत लिहून ठेवावी आणि तेवढ्या पैशांत शेंगदाणे, नाचणी, अंडी किंवा खजूर किती येतात, ते वाण्याच्या दुकानात एकदा विचारून पाहावे.